आबांच्या वेलाचा शेंडा

सुरतेच्या डिंडोलीतल्या घरात आम्ही सामान टाकलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंतीपलीकडून एका पुरुषाचा खडा आवाज आला. "पुष्पी, कालदिनपासून सांगी ऱ्हायनू, वर चढ, वर चढ. आनि तू लोळी ऱ्हायनी कोना आंगवर, ते रमणकाकाना. काही लाज शे का नही?"

माझ्या हातातला स्टोव्ह हातातच राहिला. नवरा पलसाण्याच्या रंगाईच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला, गल्लीत ओळखीचं कुत्रं नाही, आणि शेजार हा असा. मी अकोल्याकडची. आमच्याकडे माणसं तोंडानं मोकळी, पण परक्या बाईला सकाळी सकाळी असं कोणी बोललं तर त्याची धडगत नाही. मनात म्हटलं, बाप्पा, कुठं आणून टाकलं या माणसानं मला. तेवढ्यात तोच आवाज, पण एकदम मऊ होऊन गुजरातीत आला. "रमणकाका, तमारुं बराबर छे, हों. तमारी कोई फरियाद नथी."

विटांच्या थप्पीवर चढून मी भिंतीवरून पाहिलं. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि भोकं पडलेला बनियन घातलेला एक काटकुळा माणूस उकिडवा बसून वेलाचा शेंडा लाल धाग्यानं दोरीला बांधत होता. वेल गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा. शेजारी वालपापडीचा दुसरा वेल. तिसरं माणूस कोणीही नाही. त्यानं मान वर केली, मला पाहून जराही दचकला नाही, आणि जुनी ओळख असल्यासारखं विचारलं, "वयनी, गावाकडून काही बी आणलंय का?"

हे जिभाऊ.

जिभाऊ हे काही नाव नाही. खानदेशात वडीलधाऱ्या माणसाला मानानं जिभाऊ म्हणतात. त्यांचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीत असेल तेवढंच, गल्लीत कोणी ते घेत नसे. चोपड्याकडच्या तापीकाठच्या एका गावातून तरुणपणी सुरतेला आले आणि लूमवर लागले ते लागलेच. लूमच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना येतच नव्हतं. त्यांनी घरात बायकोच्या कानात काही सांगितलं तरी आमच्या स्वयंपाकघरात ते ऐकू यायचं.

प्लेगची साथ येऊन गेली होती, त्याच्या लगेच नंतरची ती वर्षं. साथीत निम्मी डिंडोली गावाला पळाली, जिभाऊ नाही पळाले. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "काकड्यांना पाणी कोण घालणार होतं?" खरं कारण गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली नाही हे होतं, असं त्यांच्या बायकोनं, जिजीनं, तिथल्या तिथं सांगून टाकलं. जिजीचा तो स्वभावच. जिभाऊंनी फुगा फुगवायचा आणि तिनं टाचणी लावायची, असा त्यांचा संसार.

घर कोपऱ्यावरचं होतं, म्हणून दोन बाजूंनी जमिनीची पट्टी मिळालेली. तेवढ्यात त्या माणसानं काय काय भरलं होतं. वेलांना मांडव म्हणून बांबू, आणि बांबूंमध्ये कारखान्यातल्या टाकाऊ धाग्याच्या दोऱ्या ताणलेल्या. ज्या महिन्यात लूमवर गुलाबी साडी निघाली त्या महिन्यात मांडव गुलाबी, पुढच्या महिन्यात पोपटी. धागा गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळकांड्या ते घरी आणत, त्यात माती भरून रोपं करत, आणि रोप चार पानांचं झालं की नळकांड्यासकट जमिनीत लावत. पुठ्ठा पावसाच्या आत कुजून जायचा. फुटक्या घमेल्यात चिनी गुलाब, दाराशी गुलबक्षी, मधेमधे झेंडू. जिजीला अबोली हवी असायची, पण तिला पाणी फार लागतं म्हणून जिभाऊ चालढकल करत.

होळी झाली की जिभाऊंना घरात बसवत नसे. गल्लीतल्या होळीची राख दुसऱ्या दिवशी थंड व्हायच्या आत ते घमेलं घेऊन हजर. पोरं रंग खेळत असायची आणि हे राख चाळत असायचे. गिलकी, दोडके, काकड्या, भेंडी, दुधी, सगळी उन्हाळी लावणी त्या आठवड्यात. वेलांच्या कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे पडतात, त्यांच्यावर ती राख सकाळी दवात भुरभुरायची. राख अंगावर, रंग तोंडावर, अशा अवतारात त्यांना पाहून माझा नवरा म्हणाला होता, "हा माणूस कोणत्या देवाचा भक्त आहे ते काही समजत नाही बुवा."

जिभाऊंचा एक नियम होता. बी विकत आणायचं नाही, मागायचं. ज्यानं दिलं त्याचं नाव त्या झाडाला. पुष्पा म्हणजे समोरच्या घरातली, त्यांच्याच मुलखातली, साडीला लेस लावणारी बाई. गिलक्याचं बी तिनं दिलं म्हणून तो वेल पुष्पी. रमणकाका नाक्यावरचे किराणावाले, त्यांची वालपापडी. आणि नुसतं नाव देऊन भागत नसे, त्या झाडाशी बोलायचं तेही देणाऱ्याच्या भाषेत. पुष्पीशी अहिराणी, रमणकाकांशी गुजराती. "बी ज्या घरात वाढलं तिथली बोली त्याच्या कानावर पडलेली असते ना," असं त्यांचं म्हणणं. हे खरं का, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की म्हणत, "मग करून बघू."

मी दुधीचं बी दिलं. माहेरून आईनं लुगड्याच्या चिंधीत बांधून दिलेलं होतं. झालं, भिंतीपलीकडे अकोल्याच्या वयनी उगवल्या. "वयनी, काय म्हन्ते?" असं वऱ्हाडी बोलायचा जिभाऊंचा रोजचा प्रयत्न ऐकून मला हसू आवरत नसे. आणि मग त्या दुधीनं माझं नाक कापलं. पहिलं फळ उतरवलं, जिजीनं चकती कापून रीतीप्रमाणे जिभेला लावली आणि मोरीकडे धावली. दुधी कडूजहर. दुपारपर्यंत गल्लीत झालं, अकोल्याच्या वयनी कडू निघाल्या. पुष्पा दारात उभी राहून म्हणते, "बाई, तुमच्या बोलण्यावरून वाटलंच होतं." मी घरात येऊन भांडी आपटली.

संध्याकाळी जिभाऊ फाटकाशी आले. चेहरा असा, जणू माझ्या घरी कोणी आजारी आहे. "वयनी, तुमचा दोष नाही," म्हणाले, "मधे टँकर आला नाही, पाण्याचा ताण पडला, म्हणून तिला राग आला. मी सगळ्यांना सांगितलंय." त्यांनी खरंच घरोघरी जाऊन सांगितलं होतं, आणि त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. दुसरा वेल लावला त्याची दुधी गोड निघाली. ती त्यांनी पहिली नेऊन पुष्पाच्या हातात ठेवली, माझ्या देखत.

त्यांना सगळ्याच गोष्टींचं कुतूहल. वस्तीमागून जो नाला वाहायचा त्याचं पाणी वरून येणाऱ्या रंगानं कधी लाल, कधी हिरवं. एके वर्षी जिभाऊंनी पांढऱ्या झिनियाच्या दोन रोपांना रोज नाल्याचं निळं पाणी घातलं, फूल निळं येतं का बघायला. जिजी म्हणाली, साडीला रंग चढतो तो उकळून चढतो. त्यावर ते विचारात पडले, आणि मला भीती वाटली की आता हे रोप उकळतात की काय. रोपं आठवडाभरात मेली. जिभाऊंना वाईट वाटलं, पण उत्सुकता फिटल्याचं समाधान तोंडावर दिसत होतं. "चला, हे कळलं," असं म्हणून त्यांनी ती उपटली. त्यांच्या अर्ध्याअधिक प्रयोगांचा शेवट याच वाक्यानं व्हायचा.

एका बाबतीत मात्र हात पक्का. शेंडा खुडणं. वेल हात-दोन हात झाला की नुसता सरळ धावायला बघतो, त्या धावण्यात येतात ती सगळी नर फुलं, फळ धरत नाही. शेंडा खुडला की बाजूनं फुटवे फुटतात, आणि त्यांना मागे इवलंसं फळ असलेली फुलं लागतात. जिभाऊ अंगठ्याचं नख वाढवून होते ते याच कामासाठी. "पुष्पी, भलती शेफारनी तू," असं म्हणत नख लावलं की चट. त्यात दयामाया नाही. माझाही शेंडा माझ्यासमोर खुडत, वर माझ्याकडे बघून हसत.

मग तो हिवाळा आला. जिभाऊंचे थोरले भाऊ, त्यांना नाना म्हणत, गावाहून आले. गुडघ्यांनी दगा दिलेला, मुलानं नाशिकला बोलावून घेतलेलं. गावातल्या घराला कुलूप लावून ते निघाले होते आणि वाकडी वाट करून धाकट्याकडे दोन दिवस थांबले. जाताना त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक पुरचुंडी काढली. "आबांच्या वाडीतल्या डांगराचं बी. यंदापासून आखाजीची घागर तुझ्याकडे."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात तो सण दिवाळीच्या वरचढ. त्या दिवशी गेलेल्या वाडवडिलांच्या नावानं नवी मातीची घागर पाण्यानं भरतात, घागरीच्या तोंडावर डांगर ठेवतात. डांगर म्हणजे त्यांच्याकडे खरबूज. पितरं येतात, पाणी पितात, तृप्त होऊन जातात. तोवर घरात आंब्याला कोणी तोंड लावत नाही. आजवर घागर थोरल्या घरी, गावात भरली जायची, आणि जिभाऊ इथं सुरतेत नुसती पुरणपोळी खायचे.

नाना गेले आणि जिभाऊंचा आवाजच बसला. आम्हाला चुकल्यासारखं वाटायला लागलं. जिजीनं एका दुपारी भिंतीशी येऊन मला सांगितलं तेव्हा उलगडा झाला. जिभाऊंचे वडील, आबा, नदीच्या वाळूत डांगराच्या वाड्या करायचे. पोरगा सुरतेला निघाला तेव्हा आबा अंगणात उभे राहून म्हणाले होते, "त्या गावचं पाणी मी मरेपर्यंत पिणार नाही, मेल्यावरही पिणार नाही." आणि शब्द पाळला. एकदा जिभाऊ फार आजारी पडले तेव्हा आबा सुरतेला आले, दवाखान्यात दिवसभर मुलाच्या उशाशी बसले, आणि संध्याकाळच्या गाडीनं कोरड्या तोंडानं परत गेले. बरोबर आणलेला तांब्या होता तेवढंच पाणी.

"आता त्यांना इथं बोलवायचं, आणि पाणी द्यायचं," जिजी म्हणाली. "हे रोज मला विचारतात, आबा येतील का? आले तर पितील का? मी काय सांगू? मी त्यांच्यासमोर जन्मात तोंड उघडलं नाही, मला त्यांच्या मनातलं काय ठाऊक?"

आमच्याकडे असली घागर नाही. पण मलाही रात्री जेवताना तोच घोर लागला, माणूस मेल्यावरही हट्ट धरतो का म्हणून. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुया बापाचा स्वभाव पाहता, धरत असन."

काही दिवसांनी सकाळी भिंतीपलीकडे आवाज पुन्हा खडा झालेला. जिभाऊंना तोड सापडली होती. सुरतेची तापी आणि गावची तापी एकच. गावावरून निघालेलं पाणीच इथं येतं. मग ते सुरतेचं पाणी कसं? ते आबांच्या वाडीवरूनच आलेलं पाणी. "वयनी, पाणी आपल्या आधी इथं येऊन राहिलंय," ते मला म्हणाले. आणि वाळूही तिचीच. डिंडोलीत तेव्हा जिकडे तिकडे घरं उठत होती, दर प्लॉटवर तापीच्या रेतीचे ढीग. राखणदाराला भेंड्या देऊन जिभाऊंनी थोडी थोडी रेती आणली, चर खणून त्यात भरली, खाली शेणखत, आणि त्यात आबांच्या वाडीतलं बी टोचलं. बी आबांचं, वाळू तापीची, पाणी तापीचं. आपलं डांगर बघून तरी ते ओळखतील, बसतील, असा सगळा हिशेब.

बी उगवलं. आणि जिभाऊंच्या नियमानं त्या वेलाचं नाव आबा झालं.

इथं सगळं फसलं. कारण आबांशी जिभाऊ कसे बोलणार? "आबा, बरं वाटस ना?" एवढंच, तेही दोन पावलं लांबून, चपला काढून. ओरडणं नाही, दटावणं नाही. घरातल्या नातवंडांना त्या बाजूला चेंडू खेळायला बंदी. जिजी पाणी घालायला गेली तर डोक्यावर पदर घेऊन जायची. पहिल्यांदा तिनं ते थट्टेनं केलं, पण मग मी पाहिलं तर रोजच पदर घेत होती. आणि शेंडा खुडायची वेळ आली तेव्हा जिभाऊ समोर बसले, हात पुढे केला, मागे घेतला, उठून घरात गेले. दुसऱ्या दिवशीही तेच.

वेल मोकाट सुटला. वाळूतून निघाला, झेंडू तुडवले, पुष्पीच्या मांडवाखालून गेला, आमच्या भिंतीवर चढला आणि माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांपर्यंत येऊन थांबला. पिवळी फुलं रोज, पण सगळी नर. सकाळी उमलायची, संध्याकाळी गळायची. फळाचा पत्ता नाही. आखाजी त्या वर्षी उशिरा होती म्हणून आशा, पण फाल्गुन अर्धा होत आला. रमणकाका मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, "कापी नाखो ने, जिभाऊ." जिभाऊ त्यांच्याकडे असे बघायला लागले, की काकांनी पापडीची चौकशी करून काढता पाय घेतला.

"बापाला नख लावू?" ते मला म्हणाले. "आधीच रागावून गेलेला माणूस. आता बोलवायचं, आणि आल्या आल्या नख लावायचं?" हे हसण्यासारखं होतं, पण त्यांचे डोळे भरलेले बघून मला हसता आलं नाही.

त्या आठवड्यात जिभाऊ दिवसपाळीला गेलेले असताना जिजीनं मला भिंतीशी हाक मारली. "तू नुसती उभी ऱ्हाय," म्हणाली. तिनं हात धुतले होते, डोक्यावर पदर होता. वेलासमोर बसली, वाकून नमस्कार केला. मग म्हणाली, "मामाजी, राग नका मानू. तुमच्या पोराच्यानं होत नाही." आणि खुडला शेंडा. एक नाही, माझ्या भिंतीवरचा, पुष्पीच्या पायाशी गेलेला, जेवढे धावले होते तेवढे सगळे. सुरुवातीला एकेक शेंडा निरखून, नंतर सटासट. शेवटी तर मला वाटतं तिला गोडी लागली होती. उठताना तिनं पदर डोक्यावरून काढून कमरेला खोचला.

संध्याकाळी जिभाऊ आले, फाटकातच थांबले. "कोणी केलं?"

"मी," जिजी आतून म्हणाली. "तीस वर्षं त्यांनी मला मान वर करू दिली नाही. आज मी त्यांचा शेंडा खुडला. हिशेब मिटला. आता येतील ते, बघा तुम्ही."

जिभाऊ चपला काढून आत गेले. ते कितीतरी दिवस बोलले नाहीत. भिंतीपलीकडे एवढी शांतता, की पुष्पा मला येऊन विचारून गेली, बाग विकली का. जिजी जेवायला वाढायची, ते जेवायचे, उठायचे. मग एका सकाळी पलीकडून जिभाऊंचा आवाज आला, "अवं, लवकर ये, लवकर." जिजी गेली, मीही विटांवर चढले. बाजूच्या फुटव्यावर एक फूल होतं, आणि फुलामागे बोराएवढं हिरवं डांगर. नवरा-बायको त्याच्यासमोर बसून होते. जिजीनं पुन्हा पदर घेतलेला.

तीन-चार फळं धरली, टिकलं एकच. त्या एकाचे असे लाड, की विचारू नका. रेती उन्हानं तापते म्हणून चलथाणकडून उसाचं पाचट आणून त्याच्याखाली घातलं. डांगर पिकलं की देठाशी भेग पडते, हात लावताच वेलापासून आपोआप सुटतं. तसं सुटलेलंच घागरीवर ठेवायचं, असं जिभाऊंनी ठरवलं. ते रोज वाकून देठ बघायचे.

आखाजीचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी जिभाऊ सायकलला दोन कळश्या बांधून नदीच्या वरच्या अंगाला गेले होते, भरतीचं खारं पाणी जिथवर चढत नाही तिथवर, आणि निम्मं हिंदकळून निम्मं घरी आणलं होतं. जिजीचे मांडे झाले, सांजोऱ्या झाल्या, रस झाला. आम्हालाही जेवायला बोलावलेलं. आणि डांगर सुटेना. रंग चढला होता, वास सुटला होता, पण देठ घट्ट.

"कापा आता," जिजी म्हणाली. "उन्हं डोक्यावर आली. पोरांना भूक लागली."

"आबांच्या हातून हिसकावून आबांनाच द्यायचं?" जिभाऊ म्हणाले.

नातवंडं रसाच्या पातेल्याभोवती घोटाळत होती. माझा नवरा मला डोळ्यांनी विचारत होता, अजून किती वेळ. जिभाऊ वेलासमोर बसून होते. मग ते उठले, घरात गेले, पाटावरची भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणली आणि वेलाच्या मुळाशी वाळूत रोवली. खाली वाकून डांगर वेलासकट उचललं आणि घागरीच्या तोंडावर ठेवलं, देठ न तोडता. त्यांनी टोपी काढली.

"आबा," त्यांनी हाक मारली, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज हळू झालेला ऐकला. "घर सापडनं ना? पाणी आपलंच शे. तापीनं. जेवाले बठा."

निखाऱ्यावर पितरांच्या नावानं घास टाकला, हात जोडले, आम्ही सगळे आत जाऊन जेवलो. जिभाऊ जेवताना सारखे दाराकडे बघत होते. हात धुवून बाहेर आलो तर डांगर घागरीवर तसंच होतं. जिभाऊंनी त्याला हात लावला आणि ते देठापासून सुटून त्यांच्या तळहातावर आलं.

मग ते घागरीत डोकावले. गळ्यापर्यंत भरलेलं पाणी चांगलं चार बोटं उतरलं होतं.

नवी मातीची घागर पाणी पिते, खालची तापलेली वाळूही पिते. हे मला कळत होतं, जिजीला तर कळत होतंच. जिभाऊंच्या फुग्याला टाचणी लावल्याशिवाय जिचा दिवस जात नसे, ती जिजी घागरीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तहान होती हो फार."

जिभाऊ तिथंच वाळूत बसले आणि लहान पोरासारखे रडले.

मग डांगर कापलं. सगळ्यांना फोड आली. तोंडात घातली, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वास तेवढा घमघमीत, चव काकडीची. फिक्कं. समोरून फोड खायला आलेल्या पुष्पाला राहवलं नाही, ती साखर मागायला लागली. जिभाऊंनी डोळे पुसले, फोड पुन्हा चावली, आणि त्यांचा तो भिंती हलवणारा आवाज परत आला. "फिक्कंच लागणार. गोडी ते घेऊन गेले. आपल्याला उष्टं राहिलं." आणि एकेक बी जिभेवर घोळवून हातात काढून घ्यायला लागले.

पुढच्या वर्षी नवऱ्याला उधन्यात बरं काम मिळालं आणि आम्ही डिंडोली सोडली. दिवस होळीनंतरचेच. टेम्पोत सामान चढत होतं, मी निरोप घ्यायला भिंतीशी गेले. विटांची थप्पी अजून तिथंच होती. जिभाऊ वाळूच्या चरापाशी बसले होते, समोर डांगराचा नवा वेल. मी हाक मारणार तेवढ्यात ते वेलावर खेकसले, "ए टेणिया, सीधो चाल. त्यां क्यां जाय छे?"

मी म्हटलं, "जिभाऊ, आबांचा वेल ना हा? त्यांना पोराटोरासारखं बोलता? आणि तेही गुजरातीत?"

"आबा कुठले, वयनी? आबा येऊन गेले," ते म्हणाले. "हा त्यांचा नातू. याचं बी इथं धरलं. याला अहिराणी काय समजणार?"

आणि बोलता बोलता त्यांनी त्याचा शेंडा खुडलासुद्धा.